जयक्काची रंगीत तालीम

आमच्या मळमड्डीत कुणाच्या घरी गेलात तर दिवाणखान्यातल्या फोटोंकडे आणि ढालींकडे बघू नका. मीटरशेजारच्या पेटीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने काही लिहिलेलं सापडलं, तर तिथे जयक्का येऊन गेली आहे असं समजा. तारीख, दोष काय होता, कशामुळे झाला आणि कुणामुळे झाला, एवढं सगळं ती लिहिते. ‘मिक्सरची वायर जळाली. सूनबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.’ ‘माजघराचा पंखा बंद. वकीलसाहेबांनी कॅलेंडरसाठी खिळा मारला, तो वायरीत गेला.’ वकीलसाहेबांनी पुढे त्या झाकणाला आतून पांढरा रंग देऊन घेतला. जयक्का नंतर दुसऱ्या कामाला गेली तेव्हा तिने त्या रंगावर पुन्हा तेच लिहिलं, आणि खाली ‘रंगाखाली गेलेलं परत लिहिलं’ अशी नोंदही केली.

मी हायस्कुलात गणित शिकवते. उत्तर कसं आलं ते पायरी-पायरीने लिहून दाखवणारं माणूस मला आवडतं, मग बाकीच्यांना ते कितीही टोचो. आमच्या गल्लीत मात्र जयक्काबद्दल प्रेमापेक्षा धास्ती जास्त आहे.

जयलक्ष्मी हे तिचं पूर्ण नाव. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, सुती साडीवर पुरुषी फुल शर्ट, आणि अंबाड्यात आडवा खोचलेला टेस्टर. गावाबाहेरच्या रायापूरहून स्कूटीवर येते. पायाशी हत्यारांची पिशवी, मागे आडवी बांधलेली लहानशी शिडी. त्यामुळे ती गल्लीत शिरली की रिक्षावाले आपणहून बाजूला होतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिला सांगितलं होतं की शिवणाचा वर्ग शेजारच्या खोलीत आहे. ‘मी म्हटलं, सर, त्या वर्गातला पंखा बंद हाय, तो शिकून मग जाते,’ असं ती सांगते. पुढे मोटारी वाइंडिंग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तिने वीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली, आणि कारखाना बंद पडल्यावर घरोघर फिरायला लागली.

तिच्या दोन सवयी माहीत असायला हव्यात. एक, दोष सापडेपर्यंत ती त्या घरचा चहा घेत नाही. दुसरी, पहिला तासभर टेस्टर अंबाड्यातून निघत नाही. तोवर ती फक्त विचारत बसते. कोण कुठे होतं, हातात काय होतं, पाय ओले होते की कोरडे. ‘वायरी आपलं सगळं सांगत्यात, टीचर. घरातली माणसं निम्मंच सांगत्यात,’ असं तिचं म्हणणं.

आमच्या घरची निम्मी गोष्ट बाहेर काढायला तिला एक अख्खी दुपार लागली, तीच सांगायची आहे.

आमच्या म्हणजे विठ्ठलरावांच्या. मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. विठ्ठलराव शहात्तर वर्षांचे, सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. चौतीस वर्षं वीज खात्यात होते, पण बिलांच्या विभागात. आयुष्यात त्यांनी बल्बसुद्धा स्वतः बदललेला नाही, स्टुलावर चढलं की त्यांना गरगरतं. तरी वीज म्हटली की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची बायको कृष्णाबाई, माझ्या काकू. घरात बाकीचे सगळे शब्द त्यांचे.

यांचा मुलगा संजीव बेंगळूरला असतो. संक्रांतीला आला तेव्हा त्याने घराच्या मुख्य पेटीत एक ट्रिपर बसवून घेतला. वायरीतून निघालेला करंट सगळाच्या सगळा परत आला नाही, थोडासा जरी भलत्या वाटेने जमिनीत गळला, की हा खटकन पडतो आणि घरभर अंधार करतो. कुणाला शॉक बसू नये म्हणून हे. कल्पना चांगली होती. पण तेव्हापासून तो जो पडायला लागला, तो दर पाचव्या दिवशी.

आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच-सहाला ट्रिपर पडायचा. पुन्हा वर केला की पुन्हा पडायचा. रात्रभर आणि कधी दुसऱ्या दिवशीही तेच. मग आपोआप शहाण्यासारखा वागायला लागायचा, पुढचं पाणी येईपर्यंत. माझी दहावीची शिकवणी मी फेब्रुवारीभर मेणबत्तीवर घेतली. एका मुलाने विचारलं, टीचर, परीक्षेतही दिवे जाणार आहेत का. त्याला मी वर्गाबाहेर काढलं, ते माझं चुकलं.

संजीव फोनवर रोज एकच विचारायचा, ‘आज पडला का?’ आणि मार्चमध्ये त्याने निकाल दिला. घराची वायरिंग म्हातारी झाली आहे, तुम्ही दोघंही झाला आहात. उद्या फ्रिजला हात लावाल आणि चिकटून बसाल, आणि मला कळेल तिसऱ्या दिवशी. एप्रिलमध्ये एका रविवारी मी येतो. त्या रविवारी पाणी येईल. त्या दिवशी ट्रिपर पडला तर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी बेंगळूरला यायचं. आमचा फ्लॅट नवा आहे, सगळं सुरक्षित आहे.

काकूंनी दोन दिवस घरातलं एकेक भांडं घासून काढलं. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी पुसता पुसता म्हणाल्या, ‘चौदाव्या मजल्यावर कैऱ्या वाळवायच्या कुठं गं?’ अप्पांनी तर फ्लॅट हा शब्द निघाला की पेपर तोंडासमोर धरायचा असं ठरवूनच टाकलं होतं. त्यांना जायचं नव्हतं, दोघांनाही. आणि खोटं कशाला सांगू, घराला कुलूप लागलं असतं तर मलाही नवी जागा शोधावी लागली असती. म्हणजे मायेबरोबर माझा स्वार्थही होता.

पहिल्यांदा जो इलेक्ट्रिशियन आला त्याला पाच मिनिटांत उत्तर मिळालं. पाण्याच्या दिवशी पडतो म्हणजे पंप. त्याने पंपाची वायर बदलली, मग स्विच बदलला, मग मोटार काढून नेली आणि आठवड्याने धुऊन-पुसून परत आणली. ट्रिपर पडतच राहिला. शेवटी तो म्हणाला की ट्रिपर फार नाजूक आहे, काढूनच टाका. तेव्हा मी जयक्काला फोन केला. संजीव यायला तीन दिवस राहिले होते.

गुरुवारी दुपारी ती आली. काकूंनी शिरस्त्याप्रमाणे चहा पुढे केला, तिने शिरस्त्याप्रमाणे नको म्हटलं, आणि काकूंच्या कपाळावर आठी पडली. आमच्याकडचा चहा नाकारणारं माणूस काकूंच्या मते एक तर आजारी असतं नाही तर उद्धट.

तिने पहिल्यांदा पंपाचीच चौकशी संपवली. ‘मंगळवारी पाणी आलं तवा पंप किती वाजता बंद केलासा?’

‘पाचला,’ अप्पा म्हणाले.

‘आणि ट्रिपर पडला कधी?’

‘पावणेसहाला.’

‘म्हणजे पंप झोपल्यावर पाऊण तासानं. मग त्या गरिबाला कशाला मारायलाय?’ असं म्हणून तिने पंपाची वायर पेटीतून सरळ सोडवून बाजूला ठेवली. ‘आता तालीम करू या.’

‘कसली तालीम?’ काकूंनी विचारलं.

‘पाण्याच्या दिवशी तुम्ही जे करतासा ते सगळं करायचं. तसंच, त्याच जागी, त्याच वेळी. फक्त पाणी नाही असं समजा.’

अप्पांना हे फार आवडलं. कॉलेजात असताना त्यांनी एका नाटकात दरवान केला होता आणि ते अजून सगळ्यांना माहीत असावं अशी त्यांची इच्छा असते. ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. ते पाहून काकूही साडी बदलून आल्या. मला वरच्या मजल्यावर पाठवण्यात आलं, कारण टाकी भरून वाहायला लागली की ‘भरली’ म्हणून ओरडायचं काम माझं असतं.

साडेचारला तालीम सुरू झाली. अप्पा नळाशी कान लावून उभे राहिले आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात म्हणाले, ‘आलं.’ काकू घागर घेऊन कोरड्या नळाखाली बसल्या.

‘नळाला पाणी नाही, मी भरू काय?’

‘भरलं असं समजा, अव्वा. बर्री, या, पुढची घागर आणा.’ वडीलधाऱ्या बाईला ती कानडीत अव्वा म्हणते, आई म्हणावं तसं.

काकूंनी चार घागरी, दोन बादल्या आणि एक हंडा हवेने भरला. हंडा उचलताना त्या सवयीने वाकून ‘अगाई’ म्हणाल्या, रिकामा असूनसुद्धा. मी वरून ‘भरली’ असं ओरडले, तर शेजारणीने खरंच पाणी आलं म्हणून आपला पंप लावला. जयक्का पेटीजवळ उभी राहून सगळं निरखत होती. ट्रिपर हूं की चूं करत नव्हता.

‘मग?’ तिने विचारलं. ‘पाच वाजले. आता कोण काय करतंय?’

‘मी स्वयंपाकाला लागते,’ काकू म्हणाल्या.

‘मी पेपर वाचतो,’ अप्पा म्हणाले.

‘पेपर कुठला? तुम्ही परसात कढीपत्त्याला पाणी घालायला जाता की,’ काकू म्हणाल्या.

‘हो, ते एक आपलं किरकोळ,’ अप्पा म्हणाले. त्यांचा दरवानाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

‘किरकोळ बी करून दाखवा,’ जयक्का म्हणाली.

अप्पा रिकामी बादली घेऊन परसात गेले, मागोमाग जयक्का, आणि गंमत बघायला मी. कढीपत्त्याचं झाड कोपऱ्यात होतं. होतं म्हणजे उभं होतं एवढंच. फांद्या काळ्या पडलेल्या आणि शेंड्याला पाच-सात पिवळी पानं. अप्पांनी घाईघाईने त्याच्या बुंध्याशी बादली उपडी केल्यासारखं केलं आणि परत फिरले. जयक्का हलली नाही.

‘दर पाण्याला किती बादल्या घालतासा, अप्पा?’

‘दोन.’

‘किती दिवस झालं?’

‘तीन-चार वर्षं झाली असतील.’

‘दर पाचव्या दिवशी दोन बादल्या, चार वर्षं, आणि झाड असं?’ ती खाली बसली. आमच्या परसात नुसता मुरूम आहे, पाणी घातलं की दोन दिवसांत कोरडा ठणठणीत. बुंध्याच्या बाजूला जमिनीवर पांढरी खपली धरली होती. तिने नखाने ती खरवडली आणि जिभेला लावली. मग शेजारी पालथी घातलेली एक फुटकी कुंडी उचलून बघितली. खाली जमिनीतून वर आलेलं लोखंडी पाइपाचं तोंड होतं. ते आमच्या घराचं अर्थिंग. घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटची एक वायर तिथे येऊन जमिनीत उतरते.

‘अप्पा,’ ती हळूच म्हणाली, ‘कढीपत्ता मीठ खातो व्हय?’

अप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. खिडकीत काकू उभ्याच होत्या.

पुढची दहा मिनिटं काकूंची होती. त्यांचं म्हणणं असं की, चार वर्षांपूर्वी पाण्याचे हाल होते तेव्हा या माणसाने देवासमोर कबूल केलं होतं की त्या अर्थिंगच्या खड्ड्यात पुन्हा पिण्याचं पाणी ओतणार नाही. चार वर्षं त्या झाडाला त्या ताक घालत आहेत, त्याची दृष्ट काढत आहेत, आणि हा माणूस त्याला मीठ घालतो आहे. आणि डब्यातलं मीठ कुठे जातं म्हणून त्यांनी चार वर्षं भलत्यांवर संशय घेतला. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी एकदाच वाटीभर मीठ मागितलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी परत केलं होतं. काकू मला मीठचोर समजत होत्या हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

‘खात्याचं पत्रक आहे,’ अप्पा म्हणाले. ‘उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी घालावं. मी स्वतः ते बिलांबरोबर घरोघर पाठवलंय. लोकांना सांगायचं आणि आपण करायचं नाही, हे मला जमत नाही.’

जयक्काने दोन बादल्या पाणी आणि अर्धा किलो मीठ मागितलं. काकूंनी साठवणीतलं पाणी दिलं, पण मीठ देताना माप नीट पाहिलं. पाणी खड्ड्यात मुरलं. आम्ही सगळे पेटीसमोर जाऊन उभे राहिलो. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरला, आणि खट. ट्रिपर पडला.

 अप्पा जाऊन मागच्या पायरीवर बसले. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी बादली. ‘म्हणजे मीच,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘नाही घालणार आता. पाणी नाही घातलं तर पडणार नाही. रविवारी नाही पडणार. संजीवला काही सांगू नका, एवढं करा.’ मला फार वाईट वाटलं. नेमून दिलेलं काम इतकं इमानाने करणारा माणूस शिक्षा झालेल्या मुलासारखा बसला होता. काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून बादली काढून घेतली.

आमच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. मी जयक्काला म्हटलं, ‘चला, सापडलं. आता चहा घ्या.’

‘काय सापडलं, टीचर?’ ती माझ्यावरच उखडली. ‘गणित शिकवतासा आणि निम्म्यात उत्तर लिहितासा? अप्पा बरोबर करतायत. खड्डा ओला असला की अर्थिंग चांगलं. चांगल्या अर्थिंगनं ट्रिपर पडतो म्हणजे घरात कुठंतरी गळतंय. खड्डा वाळला की ती गळती वाट सापडत नाही म्हणून कमी होते, ट्रिपरला कळत नाही. पण असती तिथंच. पाणी बंद करून दोष जात नाही, गप बसतो. मग कुणीतरी ओल्या हातानं फ्रिज उघडतं, आणि तवा सापडतो.’

काकूंनी आपले हात पदराला पुसले.

‘खड्डा ओला हाय तोवर काम करून घेऊ,’ असं म्हणून जयक्काने अखेर अंबाड्यातला टेस्टर काढला. अंबाडा सुटला, तिने तो गाठ मारून पुन्हा बांधला.

तिने पेटीतले सगळे छोटे स्विच खाली केले आणि ट्रिपर वर केला. तो राहिला. मग एकेक स्विच वर. देवघर आणि माजघर, काही नाही. वरचा मजला, काही नाही. माझ्यावर आणखी एक आळ यायचा टळला. स्वयंपाकघराचा स्विच वर केला आणि खट. ‘फ्रिज,’ मी म्हटलं. तिने फ्रिजची पिन काढली, मिक्सरची काढली, सगळं सुटं केलं आणि पुन्हा स्विच वर केला. पुन्हा खट. सॉकेटात काहीच लावलेलं नसताना ट्रिपर पडत होता.

‘मग वस्तूत न्हाई. भिंतीत हाय,’ ती म्हणाली. मुख्य स्विच बंद करून तिने फ्रिजच्या सॉकेटचे दोन स्क्रू काढले आणि पट्टी पुढे ओढली. मी बॅटरी धरली होती. आत बघून ती म्हणाली, ‘अव्वा, हितं लग्न लागलंय की काय?’

सॉकेटच्या मागची बाजू लाल-पिवळी झाली होती. वरच्या मोठ्या भोकातून ओघळ निघून थेट खालच्या करंटच्या स्क्रूपर्यंत आलेला, थरावर थर चढून घट्ट झालेला, आणि स्वयंपाकाच्या वाफेने वरून ओलसर. तिने स्क्रूड्रायव्हरने तो पोपडा काढला. त्यात दोन अक्षताही निघाल्या.

आम्ही तिघांनी काकूंकडे पाहिलं. काकू शेगडी पुसायला लागल्या, जी स्वच्छच होती.

खंडेनवमीला आपल्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, शिवणयंत्र, स्कूटर, माझा लॅपटॉपसुद्धा. काकू मीटरला आणि सॉकेटांनाही पूजतात, हे मी पाहिलं होतं. फ्रिजच्या सॉकेटचा मान मोठा, कारण मिक्सरही तिथेच लागतो. ‘सगळ्यांच्या पोटाला तिथूनच मिळतं,’ काकू शेवटी म्हणाल्या. ‘बाहेरून लावलं की पिन लावताना पुसून जातं. म्हणून मी त्या वरच्या भोकात बोट घालून लावते. ते कपाळासारखं दिसतं. हळद-कुंकू चांगलं ओलं कालवून.’

‘किती वर्षं?’

‘फ्रिज आल्यापासून. अठ्ठावीस.’

‘वरचं भोक अर्थिंगचं म्हणून वाचलासा,’ जयक्का म्हणाली. ‘खालच्या भोकाला कपाळ म्हटलं असतं तर पहिल्याच खंडेनवमीला गेला असतासा.’

अप्पा पायरीवरून उठून आत आले होते. त्यांनी ‘अठ्ठावीस वर्षं’ एवढेच दोन शब्द उच्चारले, पण अगदी सावकाश, आणि खड्ड्याबद्दल ऐकलेलं सगळं त्यात वसूल केलं. काकूंनी त्यांना ते करू दिलं.

जयक्काने नवीन सॉकेट बसवलं. ट्रिपर वर केला, फ्रिज लावला, मिक्सर फिरवला. खड्डा ओलाच होता. ट्रिपर राहिला, तासभर राहिला. मग तिने कानामागची शिसपेन्सिल काढली आणि पेटीचं झाकण उघडलं.

‘माझं नाव घालू नकोस,’ अप्पा म्हणाले. ‘संजीव वाचेल.’

‘कुंकू लिहू नकोस गं,’ काकू म्हणाल्या. ‘तो म्हणेल, आई-बापाला एकटं ठेवण्यासारखं राहिलं नाही.’

‘नुसतं दोष दुरुस्त असं लिहा,’ मीही मध्ये पडले.

जयक्काने तिघांचं ऐकून घेतलं. ‘पुढच्या येणाऱ्याला काय कळणार मग?’ असं म्हणाली, आणि लिहायचं ते लिहिलं. काकूंचे डोळे भरून आले. तिने ते पाहिलं, पण पेन्सिल थांबली नाही. पेटी बंद करून ती पाटावर बसली आणि चहा मागितला. दोन कप प्यायली. जाताना काकूंना म्हणाली, ‘पूजा सोडू नका, अव्वा. टिकली लावा. सुकी राहती, पुसून जात न्हाई, आणि दिसती बी छान.’

त्या रात्री काकूंनी माझ्याकडे खोडरबर मागितला. मी दिला नाही. माझ्याकडे नाही असं सांगितलं, गणिताच्या बाईंकडे खोडरबर नाही असं. तेवढं खोटं बोलून मी मीठचोरीच्या आळाची परतफेड केली.

रविवारी सकाळी संजीव आला. बरोबर दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या, त्या पाहून काकूंनी शिऱ्यात साखर दुप्पट घातली. चारला पाणी आलं. पंप चालला, घागरी भरल्या, मी ‘भरली’ म्हणून ओरडले. पाचला अप्पा उठले, सर्वांसमोर मिठाचा डबा घेतला आणि परसात गेले. जयक्काही येऊन उभी होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. साडेपाच झाले, सहा झाले, सात झाले. दिवे जळत राहिले. मी वर शिकवणी आहे असं सांगून जिन्यात बसून होते.

सव्वासातला संजीव पेटीपाशी गेला आणि त्याने झाकण उघडलं. वाचायला लागला, मोठ्याने.

‘गुरुवार. स्वयंपाकघर, फ्रिजचं सॉकेट. आत ओलं कुंकू, अठ्ठावीस वर्षांचं. लावणाऱ्या कृष्णाबाई. दोष लपला होता. अर्थिंगला मीठ-पाणी घालत होते म्हणून सापडला. घालणारे विठ्ठलराव. पाणी चालू ठेवावं.’

तो वळला. ‘म्हणजे हे सगळं तुम्हीच दोघांनी,’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. ‘आई, बोट घालत होतीस तू आत? अप्पा, या वयात बादल्या घेऊन परसात? मी तिकडे झोपायचं कसं?’

अप्पा-काकू खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, संपलं.

‘सर,’ जयक्का म्हणाली, ‘बेंगळूरच्या तुमच्या फ्लॅटचं अर्थिंग कुठं हाय?’

‘असेल की खाली कुठेतरी.’

‘कुठं?’

संजीवने खांदे उडवले.

‘त्याला पाणी कोण घालतं?’

‘बघत असतील मेंटेनन्सवाले.’

‘कोण? नाव काय त्याचं?’

 जयक्काने अप्पांकडे बोट दाखवलं. ‘हितं नाव हाय. झाकणावर लिहून ठेवलंय.’

ती पिशवी उचलून निघून गेली. संजीवने उघडं झाकण पुन्हा एकदा वाचून काढलं. मग त्याने ते सावकाश बंद केलं आणि आईला विचारलं, जेवायला काय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो परत गेला. त्या दोन बॅगांतून काकूंनी कैरीच्या लोणच्याच्या बरण्या, चटणीपूड आणि आठ किलो जवारी पाठवली. सॉकेटवर त्याच सकाळी हिरवी टिकली लागली होती.

पाचव्या दिवशी पाणी आलं, त्या संध्याकाळी फोन वाजला. अप्पांनी उचलला. मी खालीच होते, पलीकडचा संजीवचा आवाज मला ऐकू येत होता.

‘सापडलं, अप्पा. पार्किंगमध्ये फरशीखाली गेलं होतं. वर कुंडी ठेवलेली. कुणालाच माहीत नव्हतं. मी फरशी काढायला लावली. एकदम कोरडं आहे.’ आणि मग, ‘मीठ किती घालायचं?’

अप्पा ताठ बसले. ‘लिहून घे,’ ते म्हणाले, आणि त्यांनी खड्ड्याची खोली, बादल्या, मिठाचं प्रमाण सगळं पत्रकाप्रमाणे सांगितलं. त्याच्याकडून ते परत म्हणवूनही घेतलं.

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘आणि कढीपत्त्यापासून लांब घाल म्हणावं.’